समुद्राची विहीर कधी खणायची?

कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा या समुद्रकाठच्या शहरानं १९८० च्या दशकाच्या शेवटी लागोपाठ काही वर्षं अवर्षण सोसलं. बागेला पाणी घालायला बंदी आली, तेव्हा काही लोकांनी वाळलेली हिरवळ चक्क हिरव्या रंगानं रंगवून घेतली. अखेर शहरानं समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प उभारला. खर्च सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर. १९९२ च्या मार्चमध्ये तो सुरू झाला आणि जूनमध्ये बंद पडला. बिघाड काहीच नव्हता. पाऊस आला होता, धरणं भरली होती, आणि धरणाच्या पाण्यापुढे हे पाणी फार महाग पडत होतं. पुढे यंत्रसामग्रीचा काही भाग सौदी अरेबियाला विकून टाकला. वीस वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला आणि तोच प्रकल्प दुरुस्त करून २०१७ मध्ये चालू करायला ७ कोटी डॉलरच्या वर पैसे लागले.

या गोष्टीवरून "समुद्राचं पाणी गोडं करणं म्हणजे पैशाची नासाडी" असा निष्कर्ष लोक सहज काढतात. मला तो पटत नाही. उलट बाजूचे लोक म्हणतात, "एवढा समुद्र पसरलाय, मग पाण्याची चिंता कशाला?" तेही पटत नाही. दोघंही तंत्रज्ञानाबद्दल बोलतात. सांता बार्बराचं तंत्रज्ञान चोख होतं. चुकली ती वेळ. आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणण्याची म्हण आहे, ती या प्रकल्पांना जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल. पण हे नीट समजायचं तर आधी पाण्यातलं मीठ कसं निघतं ते बघायला हवं, कारण खर्चाचं मूळ तिथेच आहे.

पाण्यातून मीठ की मिठातून पाणी?

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे जवळजवळ दोन मोठे चमचे. पिण्याच्या पाण्यात ते अर्ध्या ग्रॅमच्या आत असावेत अशी अपेक्षा असते. हे क्षार पाण्यात इतके पूर्ण विरघळलेले असतात की गाळून किंवा निवळून ते वेगळे होत नाहीत.

काकडीच्या चकत्यांना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात पाणी सुटतं. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी आपण होऊन खारट बाजूकडे धावतं. निसर्गाचा कल असा आहे: कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे. आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. खाऱ्या बाजूचं पाणी पडद्यापलीकडे गोड्या बाजूला यायला हवं आणि क्षार मागे राहायला हवेत. त्यासाठी खाऱ्या पाण्यावर जोर लावावा लागतो. गोड्या पाण्याची खाऱ्या बाजूकडची धाव नुसती थोपवून धरायलाच हवेच्या दाबाच्या सुमारे २७ पट दाब लागतो. प्रत्यक्षात पाणी पुरेशा वेगानं पलीकडे जावं म्हणून ५५ ते ७० पट दाब देतात. साठ पट दाब म्हणजे ६०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाखाली जेवढा भार असतो तेवढा. घरातल्या पाणी शुद्धीकरणाच्या आरओ यंत्रात तत्त्व हेच, पण तिथलं पाणी मुळात कितीतरी कमी खारट असल्यानं थोड्या दाबात काम भागतं.

प्रकल्पाचं खरं हृदय म्हणजे तो पडदा, मेम्ब्रेन. हातात घेतला तर तो मीटरभर लांब आणि वीतभर जाड पांढऱ्या नळकांड्यासारखा दिसतो. आत पातळ चादरींची गुंडाळी असते, मध्ये जाळी आणि मधोमध भोकं पाडलेली एक नळी. ती गुंडाळी उलगडली तर तिचं क्षेत्रफळ चाळीस चौरस मीटरच्या आसपास भरतं. प्रत्यक्ष क्षार अडवणारा थर मात्र केसाच्या जाडीच्या शेकडोव्या हिश्शाइतका पातळ असतो. अशी सहा-सात नळकांडी एका मजबूत नळीत एकापाठोपाठ बसवतात आणि अशा शेकडो-हजारो नळ्यांच्या भिंती उभ्या राहतात. खारं पाणी एका टोकानं शिरतं, गोडं पाणी मधल्या नळीतून ठिबकत बाहेर येतं. १०० लिटर समुद्रातून ४०-४५ लिटर गोडं पाणी मिळतं. उरलेलं जवळपास दुप्पट खारट होऊन बाहेर पडतं.

हा पडदा व्यवहारात आणण्याचं श्रेय सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांना जातं. १९५९-६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात काम करताना त्यांनी असा पडदा बनवला, ज्याची फक्त वरची साय दाट होती आणि खालचा भाग सच्छिद्र. दाट थर पातळ झाल्यामुळे पाणी झिरपण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढला. त्याआधी पडदे क्षार अडवत होते, पण पाणी इतकं थेंबाथेंबानं यायचं की त्याचा उपयोग शून्य.

पाणी उकळून, वाफ थंड करून गोडं करायची जुनी पद्धत आखाती देशांत अनेक वर्षं चालली आणि काही ठिकाणी अजून चालते. तिला ऊर्जा बरीच जास्त लागते. तेल मुबलक आणि वीजघराची वाया जाणारी उष्णता शेजारीच, म्हणून ती तिथे परवडली. नवे प्रकल्प बहुतेक पडद्याचेच असतात.

वीज किती खातं?

"फार वीज खातं" हे वाक्य या विषयावर सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं. ते खरं आहे का? आजच्या चांगल्या प्रकल्पात एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी गोडं करायला सगळं मिळून ३ ते ४ युनिट वीज लागते. १९७० च्या दशकात याच्या चार-पाच पट लागायची. बचतीचा एक मोठा भाग आला तो बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्यातून. ते पडद्याजवळून निघतं तेव्हा त्याच्यात जवळजवळ सगळा दाब तसाच असतो. पूर्वी तो वाया जायचा. आता फिरत्या दंडगोलासारख्या एका यंत्रात तो दाब आत येणाऱ्या ताज्या समुद्राच्या पाण्याला थेट देऊन टाकतात, आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा परत मिळते. हे यंत्र दिसायला साधं आहे, पण या सबंध उद्योगाचं गणित त्यानं बदललं.

आता हे आकडे घरात आणून बघा. एका माणसाला दिवसाला १५० लिटर पाणी धरलं तर त्यासाठी साधारण अर्धा युनिट वीज लागेल. एक फ्रिज दिवसभर चालवायला याहून जास्त लागते. म्हणजे पिण्या-वापरण्याच्या पाण्यापुरता विजेचा बाऊ करण्यात अर्थ नाही.

शेतीचं मात्र वेगळं आहे. एक किलो गहू पिकवायला हजार-दीड हजार लिटर पाणी सहज लागतं. अगदी स्वस्तात, म्हणजे अर्ध्या डॉलरला घनमीटर या भावानं गोडं पाणी मिळालं, तरी किलोभर गव्हामागे पाण्याचाच खर्च ५० ते ७५ सेंट. जागतिक बाजारात गहू विकला जातो तो बहुतेक वेळा टनाला २०० ते ३०० डॉलरनं, म्हणजे किलोला २० ते ३० सेंट. पीक विकून पाण्याचेच पैसे निघत नाहीत. स्पेनच्या अल्मेरिया भागात हरितगृहातल्या महागड्या भाज्यांना असं पाणी देतात, तिथे ते जमतं. धान्याला जमत नाही. दुष्काळात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त होरपळतो तो शेतकरी, आणि त्याला हे तंत्रज्ञान थेट वाचवू शकत नाही. हे कोणी स्पष्ट बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. फार तर एवढं होतं की किनाऱ्यावरचं शहर समुद्रावर जगायला लागलं तर धरणातला त्याचा वाटा सुटतो आणि तो शेताकडे वळवता येतो. पण तो खरोखर वळवायचा, हे कुणीतरी ठरवून कागदावर आणावं लागतं.

दुसरी अडचण भूगोलाची. गोडं पाणी तयार होतं समुद्रसपाटीला, आणि दुष्काळी मुलूख बहुधा असतो आत, उंचावर. एक घनमीटर पाणी १०० मीटर वर चढवायला पंपात वाया जाणारी ऊर्जा धरून साधारण ०.३५ ते ०.४ युनिट लागतात. हजार मीटर चढवायचं तर साडेतीन-चार युनिट, म्हणजे गोडं करायला जेवढी वीज लागली तेवढीच पुन्हा. सौदी अरेबिया किनाऱ्यावरून चारशेहून जास्त किलोमीटर आत रियाधला पाणी नेतो. चिलीत एस्कोंदिदा या तांब्याच्या खाणीसाठी ते ३,००० मीटरहून उंच चढवलं जातं. तांबं तो खर्च सोसतं. डोंगरावरचं छोटं गाव कसा सोसेल?

खरा खर्च बंद दाराआड

विजेपेक्षा मोठा खर्च बांधकामाचा आणि त्यावरच्या व्याजाचा. इथे एक हिशोब मांडून बघतो. आकडे समजण्यापुरते आहेत, पण खऱ्या प्रकल्पांपासून फार लांब नाहीत.

समजा रोज एक लाख घनमीटर क्षमतेचा प्रकल्प ३० कोटी डॉलरला उभा राहिला. कर्ज २५ वर्षांचं, वर्षाचा हप्ता सुमारे अडीच कोटी. माणसं आणि देखभाल अर्धा कोटी. म्हणजे वर्षाला तीन कोटी डॉलर हे एक थेंब पाणी काढलं नाही तरी द्यायचे. पूर्ण चालवला तर वर्षाला साधारण ३.३ कोटी घनमीटर पाणी मिळेल. म्हणजे घनमीटरमागे हा ठरलेला खर्च ९० सेंट, त्यावर वीज आणि रसायनं ४५ सेंट. एकूण १ डॉलर ३५ सेंट. आता हाच प्रकल्प चार वर्षांत एकदाच, दुष्काळ पडला तेव्हाच चालवला, तर चार वर्षांचे बारा कोटी एका वर्षाच्या पाण्यावर बसतात. भाव चार डॉलरच्या वर जातो. यंत्र तेच, समुद्र तोच, पाणी तिप्पट महाग.

ऑस्ट्रेलियानं हे अंगावर घेतलं. तिथला मोठा दुष्काळ १९९७ पासून २००९ पर्यंत चालला आणि एकेका शहरानं घाबरून मोठमोठे प्रकल्प हाती घेतले. मेलबर्नजवळ वॉनथागीचा वर्षाला १५० अब्ज लिटर क्षमतेचा प्रकल्प २०१२ च्या डिसेंबरमध्ये पूर्ण झाला; तोवर २०१० मध्येच भरपूर पाऊस होऊन गेला होता. पाण्याची पहिली मागणी नोंदवली गेली २०१६ मध्ये. मधल्या काळात करारानुसार वर्षाला ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात पैसे देणं चालूच होतं, आणि ते पाणीपट्टीतून वसूल होत होते. सिडनीचा प्रकल्प २०१० ला सुरू झाला, २०१२ ला झोपवला आणि २०१९ मध्ये धरणं ६० टक्क्यांखाली गेल्यावर पुन्हा उठवला.

त्याच देशात पर्थ शहर मात्र कधी पस्तावलं नाही. तिथला पहिला मोठा प्रकल्प २००६ ला सुरू झाला, मग दुसरा आला, आणि आज शहराचं जवळपास निम्मं पाणी समुद्रातून येतं. फरक कुठे पडला? पर्थचं दुखणं चार वर्षांच्या दुष्काळाचं नव्हतंच. १९७० च्या दशकापासून तिथला पाऊस कायमचा घटत गेला आणि धरणांत येणारं पाणी पूर्वीच्या मानानं नगण्य उरलं. तिथे प्रकल्प वर्षभर, दरवर्षी चालतो, म्हणून हप्त्याचा भार पाण्याच्या प्रत्येक थेंबावर पसरतो.

इस्राएलचं स्वस्त पाणीही याच सूत्रानं स्वस्त आहे. २०१३ च्या सोरेक प्रकल्पाची क्षमता रोजची सव्वासहा लाख घनमीटर, भाव घनमीटरला सुमारे ५८ सेंट. त्याच्या शेजारच्या दुसऱ्या प्रकल्पाची बोली ४१ सेंटच्या आसपास लागली. हे भाव वाचून कुणी आपल्या शहराचं अंदाजपत्रक करायला बसेल तर फसेल. अवाढव्य आकार, स्वस्त कर्ज, सगळं पाणी विकत घेण्याची सरकारी हमी आणि अखंड चालणारे पंप हे सगळं त्या आकड्यात धरलेलं आहे. आणि हेही विसरू नये की इस्राएल आपलं जवळजवळ ९० टक्के सांडपाणी शुद्ध करून शेतीला देतो. म्हणजे महागडं गोडं केलेलं पाणी तिथे दोनदा वापरलं जातं, एकदा घरात आणि एकदा शेतात.

समुद्राला काय वाटत असेल

२०१९ साली संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संशोधकांनी जगातल्या सुमारे १६ हजार प्रकल्पांचा हिशोब मांडला: रोज साडेनऊ कोटी घनमीटर गोडं पाणी, आणि त्याबरोबर १४ कोटींहून जास्त घनमीटर तीव्र खारं पाणी. हे पाणी जड असतं. नुसतं सोडून दिलं तर तळाशी चादरीसारखं पसरतं, तिथला प्राणवायू कमी होऊ शकतो आणि तळाच्या जिवांचा जीव गुदमरतो. त्यात गाळ साचू नये म्हणून टाकलेली रसायनंही असतात. उपाय ठाऊक आहेत: बऱ्याच तोट्यांमधून जोरानं फवारून ते पाणी चटकन मिसळून टाकायचं, जागा अशी निवडायची की प्रवाह चांगला असेल. खुल्या समुद्रात हे बऱ्यापैकी जमतं. आखातासारख्या बंदिस्त, उथळ पाण्यात, जिथे एकमेकांशेजारी प्रकल्पांची रांग आहे, तिथे माझी काळजी कमी होत नाही.

पाणी आत ओढतानाही नुकसान होतं. माशांची अंडी आणि पिल्लं जाळीतून आत जातात आणि परत येत नाहीत. समुद्रतळाच्या वाळूखालून पाणी घेतलं तर हे टळतं, पण तशी वाळू सगळीकडे नसते. आणि समुद्रही बिघडतो: २००८-०९ मध्ये आखातात शैवालाची लाल लाट आली तेव्हा अनेक प्रकल्प बंद ठेवावे लागले. पाऊस नको, धरण नको, म्हणून हा स्रोत अगदी भरवशाचा, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

पडद्यातून आलेलं पाणी इतकं कोरं असतं की ते नळ पोखरतं, म्हणून त्यात चुनखडीचे क्षार परत मिसळतात. मॅग्नेशियम मात्र बरेचदा मिसळलं जात नाही. इस्राएलमधल्या डॉक्टरांनी आणि संशोधकांनी याचा हृदयविकाराशी संबंध तपासावा लागेल असा आग्रह धरला आहे. समुद्राच्या पाण्यातल्या बोरॉन या मूलद्रव्याचं उलट. तो पडद्यातून निसटतो, आणि संत्र्या-लिंबांच्या झाडांना तो सोसत नाही.

पुढे काय स्वस्त होईल, काय नाही

"नव्या पडद्यानं पाणी फुकटच्या भावात" अशा बातम्या अधूनमधून येतात. त्या वाचताना एक आकडा जवळ ठेवा. समुद्राच्या पाण्यातून निम्मं पाणी वेगळं करायला निसर्गनियमानुसार घनमीटरमागे किमान एक युनिटच्या आसपास ऊर्जा लागणारच. पडदा कितीही अद्भुत असला तरी त्याखाली जाता येत नाही. आज मुख्य पंपाची पायरीच दोन-अडीच युनिटवर आली आहे. म्हणजे वाव आहे, पण दहापट नाही. पडदे कमी घाण होणारे, जास्त टिकणारे, क्लोरीन सोसणारे झाले तर देखभालीत चांगली बचत होईल, आणि मला खरी आशा तिथे वाटते.

दुसरी आशा सूर्याची, पण काचेच्या पेटीतून नव्हे. चिलीच्या लास सालिनासमध्ये १८७२ साली काचेखाली खारं पाणी तापवून रोज वीसेक हजार लिटर गोडं पाणी काढायचे. चौरस मीटरमागे चार-पाच लिटर. दहा लाखांच्या शहराला याच रीतीनं पाणी द्यायचं तर तीसहून जास्त चौरस किलोमीटर काच लागेल. त्यापेक्षा सौर वीज करून पंप चालवणं कितीतरी सोयीचं. वीज साठवण्यापेक्षा पाणी साठवणं स्वस्त, तेव्हा उन्हात चालवा आणि टाक्या भरा, ही कल्पना गोड आहे. अडचण पुन्हा हप्त्याची: दिवसातले सहा तास चालणारा प्रकल्प अठरा तास कर्ज फेडत बसतो. शिवाय पडद्यांना सारखं बंद-चालू सोसत नाही.

मग दुष्काळ दारात असताना काय करायचं? केपटाउननं २०१८ मध्ये माणशी ५० लिटरची मर्यादा घातली, गळती रोखली, दाब कमी केला, आणि शहराचा वापर काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आला. तिथे घाईघाईनं लावलेल्या छोट्या, तात्पुरत्या समुद्री प्रकल्पांचा वाटा त्यापुढे किरकोळ होता. नामिबियातलं विंडहोक शहर १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळतं. सांडपाण्यात क्षार समुद्राच्या कितीतरी कमी, त्यामुळे दाब कमी, वीज कमी. मचूळ भूजल गोडं करणंही याच कारणानं स्वस्त. माझा क्रम असा आहे: आधी गळती, मग सांडपाणी, मग मचूळ पाणी, आणि शेवटी समुद्र. पण शेवटी म्हणजे दुष्काळाच्या शेवटी नव्हे. जागा पाहणं, समुद्रतळाची तपासणी, परवानग्या, वाहिनीचा मार्ग ही कामं कागदावर बरीच वर्षं खातात आणि त्यांना पैसा थोडाच लागतो. ती भरल्या धरणाच्या वर्षांत उरकून ठेवता येतात.

सिंगापूरनं केपेल मरिना ईस्ट इथे आणखी एक शहाणपणा केला आहे. तिथला प्रकल्प कोरड्या दिवसांत समुद्राचं पाणी घेतो आणि पावसाळी दिवसांत शेजारच्या जलाशयाचं. जलाशयाच्या पाण्याला दाब कमी लागतो म्हणून तेव्हा वीज वाचते, आणि पाऊस आला म्हणून कारखान्याला कुलूप लावावं लागत नाही. यंत्रं जमिनीखाली आहेत, वर हिरवळ आहे, आणि आज खालून कुठलं पाणी येतंय हे त्या हिरवळीवर बसलेल्या माणसाला कळतही नाही.